जुलैतलं पाणी आणि मार्चमधली तूट: पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या एका टाकीचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगतो, गाव, पंप, तेल कंपनी यातलं काहीच नावानिशी लिहिणार नाही. माणसांना तिथं जी हाक मारतात तीच इथं ठेवलीये, मालक म्हणजे अण्णा, रोज सकाळी डिप घेणारे, म्हणजे टाकीत रॉड घालून तेलाची उंची मोजणारे तात्या, ऑफिसात बसणारा मॅनेजर म्हणजे भाऊ आणि खालच्या अंगाच्या विहिरीचे मालक बापू. पश्चिम महाराष्ट्रात असे अण्णा-तात्या दर चौथ्या घरात आहेत त्यामुळे कोणी शोधत बसू नये. मी पंपांची मशीनं, नोझल आणि टाक्यांचे गेज बघणारा सर्व्हिसवाला, पंधराएक वर्षं हेच करतोय. या प्रकरणात माझाही हात आहे, चांगल्या अर्थानं नाही, तो कुठं ते पुढं येईलच.

पार्श्वभूमी

पंप राज्यमार्गाला लागून, मागं उतार, उताराच्या खाली ओढा, आणि पंप नि ओढा यांच्या मधे बापूंची विहीर, टाकीपासून अंतर साधारण ऐंशी मीटर. जमीन म्हणजे वर काळी माती, खाली मुरूम, मग फुटलेला काळा दगड. टाक्या तीन, तिन्ही २० हजार लिटरच्या, एक पेट्रोलची, दोन डिझेलच्या. डिझेलच्या टाक्यांना आपण डी-१ आणि डी-२ म्हणू. डी-१ जुनी, नव्वदच्या दशकात गाडलेली, एका पत्र्याची, बाहेरून डांबर आणि कापडाचं रॅपिंग. व्यास दोन मीटर, लांबी साडेसहा मीटरच्या जरा आत, डोक्यावर मीटरभर भराव. डी-१ वरची मशीनं सक्शनची, म्हणजे मशीनमधला पंप टाकीतनं तेल ओढतो, टाकीत बसून ढकलणारा पंप नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हिशोबाची पद्धत सगळीकडं असते तीच. सकाळी डिप घ्यायचा, चार्टवरनं लिटर काढायचे, कालचा स्टॉक अधिक आलेला माल वजा मीटरनं दाखवलेली विक्री, आणि हा आकडा नि डिपचा आकडा यातला फरक म्हणजे व्हेरिएशन. ऑटोमेशन पण होतं, तिन्ही टाक्यांत प्रोब, म्हणजे तेल-पाण्याची उंची आणि तापमान आपोआप मोजणारी दांडी, ऑफिसात स्क्रीन. पण खरं सांगायचं तर त्या स्क्रीनकडं बघायचं कोण, रजिस्टर भरायचं ते तात्यांच्या रॉडवरच.

एक बारीक गोष्ट, जी तेव्हा कुणालाच बारीक वाटली नाही, ती म्हणजे रजिस्टरात डिझेलचा रकाना एकच होता. दोन टाक्या, दोन डिप, पण बेरीज करून व्हेरिएशन एकच लिहायचं.

अडचण कशी दिसत गेली

जुलैत डी-१ मधे पाणी यायला लागलं. तात्या रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट लावून डिप घ्यायचे, पाणी असलं की पेस्टचा रंग तेवढ्या उंचीपर्यंत बदलतो. एका आठवड्यात चार सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं पण या मापाच्या आडव्या टाकीत तळाचे चार सेंटिमीटर म्हणजे शंभर लिटरच्या आसपास पाणी. हातपंपानं काढलं, पुढच्या आठवड्यात परत आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, टाकीच्या तोंडावरच्या चेंबरमधे पावसाचं पाणी तुंबतं आणि मॅनहोलच्या झाकणाखालच्या गास्केटमधनं, म्हणजे सीलमधनं, आत जातं. आणि ते अगदीच खोटं नव्हतं, गास्केट खरंच फाटलेलं होतं, बदललं, पाणी थोडं कमी झालं, पण थांबलं नाही.

ऑगस्टमधे भाऊंचा फोन, की स्क्रीनवरचा पाण्याचा अलार्म रोज सकाळी बोंबलतो, गिऱ्हाईकांसमोर बरं दिसत नाही, काहीतरी करा. मी गेलो आणि अलार्मची मर्यादा ३० मिलिमीटरवरनं ६० वर नेली. दोन मिनिटांचं काम, चहा घेतला, निघालो. हा माझा हात.

ऑक्टोबरात पाऊस सरला, पाणी यायचं बंद झालं, सगळे म्हणाले बघा गास्केटच होतं. आणि नोव्हेंबरपासून डिझेलमधे तूट दिसायला लागली. दिवसाला आठ-दहा लिटर, कधी वीस, कधी उलट पाच लिटर जास्त. उसाचा सीझन सुरू झालेला, ट्रॅक्टर आणि ट्रकांची रांग, डी-१ वरनंच दिवसाला अडीच हजार लिटर विक्री, मग विक्री वाढली की हाताळणीतली घट वाढणारच, असा हिशोब भाऊंनी लावला आणि तो कुणालाही पटेल असाच आहे.

डिसेंबरमधे मला बोलावलं. मी पाच लिटरच्या मापानं नोझल तपासले. एक नोझल पाच लिटरला दहा मिलि जास्त देत होता. नियमानं पाच लिटरला पंचवीस मिलिपर्यंत चालतं पण जास्त जाणं म्हणजे आपल्या खिशातनं. त्या नोझलची विक्री धरली तर रोजचे अडीच लिटर होतात. वैधमापनच्या साहेबांना बोलावून ॲडजस्ट करून परत सील मारून घेतलं. तूट तेवढी कमी झाली, आणि कारण सापडलं म्हणून सगळे मोकळे झाले. मीही. दहातले अडीच सापडले होते आणि उरलेल्या साडेसातांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी बापू आले. हातात बिसलरीची बाटली, आत विहिरीचं पाणी, वर बोटाच्या पेराएवढा पिवळसर थर. म्हणाले, "म्हस चार दिस झालं पाण्याला तोंड लावंना, मग मी वास घेतला." भाऊंनी बाटली उघडून हुंगली आणि म्हणाले, बापू, तुमच्या विहिरीवर आधी डिझेल इंजिन होतं ना, त्याचंच असंल कुठंतरी मुरलेलं. बापूंनी इंजिन काढून सहा वर्षं झाली होती. ते म्हणाले असंल बाबा, तुमाला ठावं, आणि बाटली ऑफिसच्या खिडकीत ठेवून गेले. ती बाटली तिथंच राहिली. दीड महिना. मी एप्रिलमधे गेलो तेव्हा ती तिथंच होती, उन्हानं थर गडद नारिंगी झालेला आणि टोपणाभोवती धूळ चिकटलेली.

मालकांना जाग कशी आली

३१ मार्चच्या स्टॉकनं. सीएकडं वर्षाचा ताळा गेला तेव्हा डिझेलची वर्षाची तूट एकत्र दिसली, आणि एकत्र दिसली की ती आठ-दहा लिटर वाटत नाही. अण्णांनी मला फोन केला, आवाज बसलेला. "कुणी मारतंय का रं आपल्यात?" त्यांचा पहिला संशय माणसांवर होता, रात्रपाळीच्या दोन पोरांवर. त्यातल्या एकाला त्यांनी आठ दिवस घरी पण बसवलं होतं.

आता इथं कुणी विचारेल की कंपनीला का नाही सांगितलं एवढे दिवस. त्याचं उत्तर सोपं आहे आणि ते लाजिरवाणं आहे. स्टॉकमधे फरक आहे असं आपणहून कळवलं की पहिला संशय डीलरवर येतो, भेसळ आहे का, बाहेरनं माल घेतो का, मग सॅम्पल, मग चौकशी, मग विक्री बंद. त्यामुळे तूट दिसली की ती आतल्या आत समजावून टाकायची सवय लागते. टाकी कंपनीची, जागा अण्णांची, पण गावात नाव खराब होणार ते अण्णांचंच.

रजिस्टरवरची एक रात्र

मी आधी काहीच तपासलं नाही, रजिस्टरं मागितली, गेल्या दहा महिन्यांची. तात्यांनी टाकीवार डिप एका वेगळ्या शंभर पानी वहीत लिहिलेले होते, रजिस्टरात बेरीज जायची पण वहीत दोन्ही टाक्या वेगळ्या. ती वही नसती तर हे प्रकरण अजून दोन महिने लांबलं असतं. मीटर रीडिंग टाकीवार होतंच. मग दोन्ही टाक्यांचं व्हेरिएशन वेगळं केलं आणि रोजचा आकडा न बघता त्यात कालचा मिळवत गेलो, म्हणजे साठत गेलेली तूट.

रोजचा आकडा बघून काही कळत नाही, त्याचं कारण साधं आहे. टाकी अर्धी असताना डिपमधला एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तेरा लिटर. रॉड उन्हात चमकतो, डिझेलची रेष सरकते, माणूस दोन मिलिमीटर इकडं-तिकडं वाचणारच, म्हणजे पंचवीस लिटरची चूक रोजची. दहा लिटरची गळती त्या गोंधळात बुडून जाते. पण वाचण्यातली चूक आज अधिक असते उद्या वजा, बेरजेत ती मिटत जाते. गळती मिटत नाही, ती एकाच बाजूला जात राहते.

तापमानाचंही तसंच. डिझेल एका अंशाला हजार लिटरमागं पाऊण लिटरच्या जरा वर फुगतं-आक्रसतं. एप्रिलच्या दुपारी टँकरमधनं ३८ अंशाचा १२ हजार लिटर माल उतरला आणि टाकीत तो २८ वर आला तर शंभर लिटर कुणी न चोरता कमी होतात. "उन्हाळ्यात तेल आटतं" हे पंपावरचं वाक्य खोटं नाही. पण मग ते डी-२ मधेही आटलं पाहिजे, तोच टँकर, तोच उन्हाळा. डी-२ ची रेष जवळपास सपाट होती, उलट किंचित वर चढत होती, आणि डी-१ ची नोव्हेंबरपासून खाली घसरत होती. एकाच रकान्यात बेरीज केल्यानं डी-२ चा थोडा चढ डी-१ च्या उतारावर पांघरूण घालत होता.

रात्री दोनच्या सुमाराला अजून एक गोष्ट दिसली आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. डी-१ ची घसरण सारखी नव्हती. स्टॉक भरपूर होता त्या दिवसांत उतार तीव्र, स्टॉक खाली गेला की रेष सपाट. जानेवारीत टँकर उशिरा आला होता, चार दिवस डिप साठ सेंटिमीटरच्या खाली, आणि त्या चार दिवसांत तूट जवळजवळ शून्य. नोझलला काय माहीत टाकीत किती माल आहे? चोराला पण काय फरक पडतो? उंची बघून थांबते ती फक्त भोकातली गळती, पातळी भोकाच्या खाली गेली की थांबते.

मग जुलैची वही काढली. पावसाळ्यात विक्री कमी, त्यामुळे अण्णा स्टॉक कमी ठेवायचे. पाणी वाढलं होतं ते नेमकं कमी स्टॉकच्या दिवसांत. जमिनीतलं पाणी वर आलेलं, टाकीतलं तेल खाली, म्हणजे बाहेरचा दाब जास्त, पाणी आत. उन्हाळ्यात जमीन कोरडी, टाकी भरलेली, तेल बाहेर. जुलैतलं पाणी आणि मार्चमधली तूट एकाच भोकाची होती, आणि आम्ही एकाचं खापर गास्केटवर फोडलं आणि दुसऱ्याचं नोझलवर.

कोणते पर्याय होते

सकाळी अण्णा, भाऊ आणि मी बसलो. तात्यांना मीच बोलावून घेतलं, कारण वही त्यांची.

भाऊंचं म्हणणं, अजून महिनाभर बघू, सीझन संपू दे. याला मी लगेच नकार दिला कारण खिडकीतली बाटली तोपर्यंत मी उघडली होती.

अण्णांना कुणीतरी सांगितलं होतं की कॉम्प्रेसरनं हवा भरून दाब बघता येतो, पंक्चरसारखं. हे कधीही करू नका. टाकीत तेल आणि वाफ असताना हवेचा दाब देणं म्हणजे स्वतःच बॉम्ब भरणं, शिवाय जुना पत्रा. दाबाची चाचणी करायचीच तर रिकामी करून, सक्षम माणसाच्या हातून, पाणी किंवा नायट्रोजननं.

टाकी लगेच रिकामी करून उघडणं हा सगळ्यात पक्का मार्ग. पण त्याला कंपनी, पेसोची परवानगी, गॅस-फ्रीचं (आत पेटणारी वाफ उरली नाही याचं) सर्टिफिकेट, आणि डी-१ बंद म्हणजे सीझनमधे निम्मी विक्री बंद. पेसो म्हणजे आपलं जुनं एक्सप्लोझिव्ह खातं, मुख्य ऑफिस नागपूरला. नुसत्या माझ्या वहीतल्या रेषेवर अण्णा एवढं करायला तयार नव्हते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही नसतो.

लाईनचा पर्याय लवकर बाजूला पडला. सक्शनच्या लाईनला भोक असतं तर मशीन हवा ओढतं, नोझल उचलल्यावर तेल यायला वेळ लागतो, मीटर धडधडतो. तसं काही नव्हतं. टाकीतला पंप ढकलणारा असता तर लाईनमधे सतत दाब असता आणि मग मी पहिलं बोट लाईनकडंच दाखवलं असतं.

राहिली रात्रीची स्थिर चाचणी, ज्याला पैसे लागत नाहीत. टाकी गप्प ठेवायची, प्रोबचं वाचन घ्यायचं, पहाटे परत घ्यायचं. तीच करायची ठरली, पण एकाच उंचीवर नाही, तीन उंचींवर.

काय केलं

टँकर नुकताच येऊन गेला होता, डिप १५० सेंटिमीटरच्या आसपास. दिवसा विक्री फक्त डी-२ वरनं, डी-१ च्या नोझलांना कुलूप. टँकरनंतर एक अख्खा दिवस सोडला, तेल निवायला. मग रात्री बाराला आणि पहाटे पाचला प्रोबचं प्रिंट, उंची आणि तापमान दोन्ही. चार रात्री. पाच तासांत सरासरी २.२ लिटर कमी, तापमानाचा हिशोब करून. म्हणजे उंचीत फरक किती, तर एक पंचमांश मिलिमीटर. तात्यांना सांगितलं तेव्हा ते हसले, म्हणाले एवढं तर रॉड पुसताना जातं. बरोबर आहे त्यांचं, म्हणून एका रात्रीवर विश्वास ठेवायचा नाही. त्या उंचीला टाकीत १६ हजार लिटर आहेत आणि तापमान नुसतं ०.१ अंश बदललं तरी सव्वा लिटरच्या वर फरक पडतो.

मग डी-१ विकून १०० वर आणली, तीन रात्री, सरासरी १.४ लिटर. मग ५५ वर, चार रात्री, फरक कधी वर कधी खाली, बेरीज शून्य. मला आणि अण्णांना बोलायची गरज राहिली नाही.

तुलनेसाठी एक आकडा देतो. अमेरिकेत जमिनीखालच्या इंधन टाक्यांच्या घट्टपणाची जी चाचणी असते तिनं तासाला ०.१ गॅलन गळती पकडली पाहिजे असा नियम आहे, म्हणजे तासाला ०.३८ लिटर. आमची होती ०.४४. नुसत्या स्टॉकच्या हिशोबावर पकडायची त्यांची जी महिन्याची मर्यादा आहे ती विक्रीचा एक टक्का अधिक १३० गॅलन. डी-१ च्या ७५ हजार लिटरला ती बाराशे लिटरच्या वर जाते. आमची गळती पूर्ण वेगानं चालली तरी महिन्याला तीनशेच्या आसपास. थोडक्यात त्या चाळणीतनं ही टाकी वर्षानुवर्षं पास झाली असती, आणि म्हणूनच तिकडंसुद्धा नुसता स्टॉकचा हिशोब पुरेसा धरत नाहीत, सोबत घट्टपणाची चाचणी लागते.

इथं अण्णांनी असा प्रश्न टाकला की मी जरा गप्पच झालो. "साठच्या खाली गळत नाही म्हणतोस, मग साठच्या खालीच ठेवू की. कशाला एवढा खर्च?" हिशोबाला बिनचूक होतं. तात्यांनीच उत्तर दिलं, "अण्णा, जूनात पाणी आत येणार. ते ट्रकात जाणार. मग मारामारी पंपावर." शिवाय एक भोक पडलंय म्हणजे रॅपिंग एकाच जागी सुटलंय असं कुठं लिहिलंय. अण्णांनी त्याच दुपारी कंपनीला कळवलं, सोबत माझे प्रिंट आणि वहीची झेरॉक्स. त्यांना भीती होती तसं काही झालं नाही, उलट कागद बघून अधिकारी म्हणाले की हे महिनाभर आधी का नाही. रात्रपाळीच्या पोराला त्याच संध्याकाळी परत बोलावलं. अण्णांनी माफी मागितली का ते मला माहीत नाही, पगार कापला नाही एवढं माहीत आहे.

कंपनीच्या माणसांनी आधी वीज केबल कुठनं जाते ते बघून टाकीच्या कडेला दोन ठिकाणी हाताच्या ऑगरनं, म्हणजे हातानं फिरवायच्या गिरमिटानं, भोकं घेतली, मशीन नाही, ठिणगी नको म्हणून. रस्त्याकडच्या भोकातला मुरूम कोरडा, तांबूस. ओढ्याकडच्या भोकात अडीच मीटरवर माती काळी, ओली, मुठीत दाबली की तळव्याला तेलकट. बापू शेजारी उभे होते, त्यांनी चिमूटभर घेतली, हुंगली आणि टाकून दिली. बोलले काही नाहीत.

मेमधे टाकी रिकामी केली, गाळ काढला, गॅस-फ्री झाली, उकरली. भोक सापडलं तळापासून ६२ सेंटिमीटरवर, ओढ्याच्या बाजूला. भरावात वाळूऐवजी एक धोंडा राहिला होता, नारळाएवढा, तो रॅपिंगला टेकून तीसेक वर्षं दाबत बसलेला. तिथं रॅपिंग फाटलेलं, त्याखाली अंगठ्याएवढं गंजाचं खपली आलेलं टेकाड. कामगारानं लाकडी ठोकळ्यानं खपली पाडली, तर खाली टाचणीच्या डोक्याहून बारीक भोक. आजूबाजूला अजून अकरा खड्डे, आरपार न गेलेले. टाकी भंगारात.

नवी टाकी दुहेरी भिंतीची घेतली, दोन भिंतींच्या मधे सेन्सर. खड्डा उघडा असताना वळवाचा पाऊस आला, रात्रीत दोन फूट पाणी. टाकी तेव्हा काठावर होती हे नशीब, खड्ड्यात रिकामी असती तर होडीसारखी तरंगली असती, वीस हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यापुढं हलकीच. पुढं खाली उतरवल्यावर पट्ट्यांनी काँक्रीटला बांधली आणि भराव होईपर्यंत पाण्यानं भरून ठेवली.

निकाल

वहीच्या हिशोबानं नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत गेलेलं डिझेल बाराशे ते चौदाशे लिटर. त्याआधीच्या वर्षी किती गेलं ते काढता येत नाही, तात्यांची वही त्याच जूनला सुरू झालेली. टाकीभोवतीची काळी माती ट्रॉल्या भरून काढली आणि विल्हेवाटीला पाठवली. विहिरीतला थर शोषक पट्ट्यांनी उचलला, मग उपसा, मग परत पट्ट्या. डिझेल पाण्याहून हलकं, भूजलावर तरंगत उताराला सरकतं, पाऊस आला की पातळीबरोबर वर चढतं आणि खडकाच्या भेगांत अडकतं, उन्हाळ्यात परत विहिरीत उतरतं. त्यामुळे एकदा उपसलं आणि झालं असं होत नाही. बापूंच्या घरी आणि गोठ्याला वर्षभर टँकरचं पाणी गेलं, नुकसानभरपाईवर कंपनी आणि अण्णा यांच्यात जे झालं ते मी लिहिणार नाही.

आता करायचं झालं तर

पहिलं माझं. अलार्म बोंबलत होता कारण पाणी येत होतं. मी पाणी शोधायचं सोडून अलार्मला गप्प केलं. इंग्लंडात बन्सफील्डच्या तेल डेपोत २००५ च्या डिसेंबरमधे टाकीचा गेज अडकून पातळी स्थिर दाखवत राहिला, टाकी भरली की माल थांबवणारा वरचा स्विच चालला नाही, अडीच लाख लिटरच्या वर पेट्रोल ओसंडून स्फोट झाला, ती गोष्ट मी ट्रेनिंगमधे पोरांना सांगतो, आणि त्याच तोंडानं इथं मर्यादा वाढवून आलो होतो. ऑगस्टमधे मी फक्त एवढं विचारायला हवं होतं की पाणी पावसाच्या दिवशी वाढतं की स्टॉक कमी असलेल्या दिवशी. चेंबरमधनं येणारं पाणी पावसाबरोबर येतं. जमिनीतनं येणारं पाऊस उघडला तरी येत राहतं.

डिसेंबरमधे नोझल सापडल्यावर उरलेल्या तुटीचा हिशोब मांडायला हवा होता. अर्धं कारण हे मला आता कारण न सापडण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण त्यानंतर कुणी शोधत नाही.

स्थिर चाचणी मी वरच्या उंचीवरनं सुरू केली हेही चुकलं. वहीवरनं ६० च्या खाली गळत नाही एवढं दिसत होतंच, मग आधी खालची उंची घेऊन खात्री करायला हवी होती. वरच्या चार दिवस-रात्रींत अजून चाळीसेक लिटर बापूंच्या विहिरीच्या दिशेला गेले, निव्वळ माझा आलेख सुंदर यावा म्हणून. वरची एक रात्र पुरली असती.

आणि बाटली. फेब्रुवारीत ती आली त्या दिवशी विहिरीवर चालत जायला दोन मिनिटं लागली असती. भाऊंना मी दोष देत नाही, रोज पन्नास माणसं काहीबाही घेऊन येतात, पण म्हैस पाणी पीत नाही हे सांगायला माणूस उगाच येत नाही.

रजिस्टरात आता डिझेलचे रकाने दोन आहेत, आणि तात्यांनी स्वतःच्या मनानं तिसरा आखलाय, साठत गेलेल्या फरकाचा, लाल पेननं. पुढच्या जुलैत त्यांचा पहाटे सहाला फोन आला, नव्या टाकीत पाणी, १५ मिलिमीटर. मर्यादा मी आता पहिल्या ३० च्याही बरीच खाली आणली होती त्यामुळे अलार्म वाजला होता. गेलो तर फिल पाईपचं, म्हणजे टँकरचा माल ओततात त्या पाईपचं, टोपण नीट बसलेलं नव्हतं, आदल्या रात्री जोराचा पाऊस. टोपणाचं रबर बदललं, पाणी काढलं, आणि तीन दिवस रोज सकाळी तात्यांनी न विचारता मला पेस्टचा फोटो पाठवला. बापूंच्या विहिरीवर मी जाताना एकदा डोकावतोच, वास अजून आहे, मेमधे जास्त. म्हैस अजूनही टँकरचंच पिते.